फटफटीची मूठ आणि पांढरी बोटे

मोटारसायकलला मराठीत फार बोलके नाव आहे : फटफटी. यंत्राच्या आवाजावरून पडलेले हे नाव तिच्या आणखी एका गुणाची आठवण करून देते. सिलिंडरमधला स्फोट जसा कानापर्यंत पोचतो, तशीच इंजिनाची थरथर हँडलमधून हातापर्यंत पोचते. तास-दीड तास एका सिलिंडरची गाडी चालवून उतरले, की तळहाताला मुंग्या येतात, बोटे बधिर होतात, खिशातली किल्ली चटकन हाताला लागत नाही. गावोगावच्या दूधवाल्यांपासून शाळेला दुरून येणाऱ्या शिक्षकांपर्यंत अनेकांच्या हे परिचयाचे आहे.

यावर पहिला उपाय सुचतो तो हँडलचे रबर बदलण्याचा. दुकानात जाड, बारीक, फोमच्या, जेल भरलेल्या अशा अनेक मुठी टांगलेल्या असतात. त्यांतली कोणती घ्यावी? प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे नीट उत्तर हवे असेल तर आपल्याला दीडशे वर्षे मागे जावे लागते. वाटेत एक सायकल भेटते, दगडाच्या खाणी भेटतात, उत्तरेकडचे एक जंगल भेटते, आणि शेवटी एक अशी गोष्ट हाती लागते, जिचे मोल मुठीच्या किमतीपेक्षा बरेच जास्त आहे.

हाडे खिळखिळी करणारी सायकल

१८६० च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यातून पायडल असलेली सायकल बाहेर पडली. तिची चाके लाकडाची असत आणि त्यांवर बैलगाडीच्या चाकासारखी लोखंडी धाव चढवलेली असे. दगडी फरसबंदीवरून ती चालवणे म्हणजे काय, हे इंग्रजांनी तिला दिलेल्या 'बोनशेकर' या नावावरूनच कळते. बोनशेकर म्हणजे हाडे खिळखिळी करणारी.

या त्रासावरचा इलाज खरे तर आधीच सापडलेला होता. चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची रीत शोधली होती. उन्हात चिकट न होणारे आणि थंडीत न तडकणारे रबर त्यामुळे मिळू लागले. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये हवा भरलेल्या धावेचे पेटंटही घेतले होते. पण त्या काळी तिला गिऱ्हाईक नव्हते. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टमधला पशुवैद्य जॉन बॉइड डनलप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना नव्याने शोधून काढली, आणि या वेळी मात्र सायकलींच्या जगाने ती उचलून धरली.

रस्त्यावरून येणारे धक्के हवेच्या गादीने बरेचसे गिळले. पण तोवर धक्क्यांचा एक नवा उगम तयार झाला होता. १८८५ मध्ये जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म माइबाख यांनी लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर पेट्रोलचे इंजिन बसवले होते. आता धक्के खालून रस्त्यातूनच येणार नव्हते, ते स्वाराच्या दोन पायांच्या मधूनही येणार होते.

इंजिन का थरथरते?

एका सिलिंडरच्या इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर जातो, क्षणभर थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. दर वेळी त्याला थांबवण्यासाठी आणि उलट दिशेने ढकलण्यासाठी बल लावावे लागते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तेवढेच बल उलट दिशेने इंजिनाच्या सांगाड्यावर पडते, आणि तिथून चौकटीमार्गे हँडलवर.

थोडा हिशेब करू. इंजिन मिनिटाला ३६०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ६० फेरे होतात. दट्ट्या सेकंदाला ६० वेळा वरखाली होतो, म्हणून या थरथरीची वारंवारता ६० हर्ट्झ. चार स्ट्रोकच्या इंजिनात स्फोट दोन फेऱ्यांत एकदाच होतो, म्हणजे सेकंदाला ३० वेळा. कानाला ऐकू येणारे 'फट्' ३० आणि हाताला जाणवणारे मुख्य हिसके ६०, असा हा फरक आहे. विद्यार्थ्यांना तो आवर्जून दाखवावा.

आता हँडलचे टोक मध्यापासून दोन्ही बाजूंना फक्त एक दशांश मिलिमीटर हलते असे समजू. डोळ्यांना हे दिसणारही नाही. पण त्याचे कमाल त्वरण किती? साध्या आवर्त गतीच्या सूत्राप्रमाणे, (२π × ६०)² × ०.०००१, म्हणजे सुमारे १४ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्व त्वरण ९.८ आहे. न दिसणाऱ्या हालचालीत गुरुत्वाहून मोठे त्वरण लपलेले असते! शिवाय हिसक्याचे बल फेऱ्यांच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेरे दुप्पट तर बल चौपट.

यावर जुना उपाय म्हणजे क्रँकवर दट्ट्याच्या विरुद्ध बाजूला वजन ठेवणे. पण दट्ट्या सरळ रेषेत हलतो आणि हे वजन वर्तुळात फिरते. ते वरखालीचे हिसके कमी करते, पण त्याच वेळी पुढेमागे नवे हिसके निर्माण करते. पूर्ण वजन ठेवले तर उभी थरथर जाऊन आडवी येते. म्हणून अभियंते निम्म्याच्या आसपास तोल साधत आणि उरलेली थरथर स्वाराच्या पदरात टाकत.

बेडफर्डचे दगडफोडे

या थरथरीचे हातावर नेमके काय परिणाम होतात, हे मोटारसायकलवाल्यांकडून आधी कळले नाही. ते दगडफोड्यांकडून कळले.

१८६२ मध्ये मॉरिस रेनो या फ्रेंच वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात एक विकार वर्णन केला होता. थंडी लागताच काही जणांच्या बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, बोटे पांढरीफटक पडतात आणि बधिर होतात. हा विकार जन्मजात प्रवृत्तीचा मानला जाई. १९११ मध्ये इटलीत जोव्हान्नी लोरिगा यांनी तशीच लक्षणे हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरणाऱ्या कामगारांत पाहिली.

त्यानंतरची तपासणी महत्त्वाची ठरली. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या बेडफर्ड गावाभोवती चुनखडीच्या मोठ्या खाणी आहेत. तिथला दगड देशभरच्या इमारतींना जात असे. हाताने ठोकायच्या छिन्नीची जागा तिथे हवेच्या हातोड्याने घेतली होती. हे हातोडे मिनिटाला तीन हजारांच्या आसपास ठोके मारत. वर केलेल्या हिशेबातल्या इंजिनाच्या फेऱ्यांशी ही संख्या ताडून पाहावी. १९१८ च्या हिवाळ्यात डॉ. अॅलिस हॅमिल्टन तिथे गेल्या. शिसे आणि इतर विषारी पदार्थ यांमुळे कामगारांना होणाऱ्या आजारांचा त्यांनी आधी अभ्यास केला होता. पुढे १९१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात नेमणूक झालेल्या त्या पहिल्या महिला प्राध्यापक.

हॅमिल्टन यांना दिसले ते असे. थंडीच्या सकाळी कामगारांची बोटे मेणासारखी पांढरी पडत. पांढरा भाग आणि निरोगी भाग यांच्यामध्ये रेघ मारावी तशी स्पष्ट सीमा दिसे. अशा वेळी माणसाला शर्टाची गुंडी लावता येत नसे. डाव्या हाताला हा त्रास अधिक होता, कारण डाव्या हातात छिन्नी धरलेली असे आणि सगळी थरथर त्या हातात उतरे. उजव्या हातात हातोड्याचे अंग असे, तिथे लक्षणे कमी. रोग्याच्या बोटांवरच त्याच्या हत्याराची खूण उमटली होती. हातोडा वापरणाऱ्या बहुसंख्य कामगारांत हे आढळले, न वापरणाऱ्यांत नाही.

हॅमिल्टन यांनी थरथर, हत्यार घट्ट धरावे लागणे आणि थंडी ही तीन कारणे सांगितली. अहवाल छापला गेला. हातोडे मात्र चालूच राहिले. १९७८ मध्ये, म्हणजे बरोबर ६० वर्षांनी, संशोधक पुन्हा बेडफर्डला गेले. त्यांना हवेचे हातोडे वापरणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांत तीच लक्षणे आढळली. कारण माहीत होते, रोग माहीत होता, आणि तरी दोन पिढ्यांचे हात गेले. विज्ञानाच्या इतिहासात शोध लागण्याच्या तारखा आपण पाठ करतो. शोध वापरायला लागलेल्या उशिराच्या तारखाही तितक्याच शिकवण्यासारख्या आहेत, असे आम्हाला वाटते.

जंगलातून आलेले उत्तर

दुसऱ्या महायुद्धानंतर जंगलतोडीत एका माणसाला पेलणारी साखळी-करवत आली. तिचे छोटे इंजिन आणि हाताची मूठ यांत अंतर जवळजवळ नव्हतेच. १९६० च्या दशकात ब्रिटन, जपान, स्वीडन, फिनलंड अशा देशांतून लाकूडतोड्यांच्या पांढऱ्या बोटांच्या बातम्या येऊ लागल्या. थंड हवा, ओली जंगले आणि दिवसभर हातात करवत, म्हणजे हॅमिल्टन यांनी सांगितलेली तीनही कारणे एकत्र.

या वेळी मात्र उपाय हत्यारातच करण्यात आला. करवतीच्या मुठींची चौकट वेगळी करून ती इंजिनाला रबराच्या ठोकळ्यांनी किंवा स्प्रिंगांनी जोडली गेली. इंजिनही हलके आणि अधिक तोललेले झाले. परिणाम काय झाला? फिनलंडमधल्या लाकूडतोड्यांचा १९७२ ते १९९० असा दीर्घ अभ्यास झाला. या काळात करवतींचे कंपन १४ वरून २ मीटर प्रति सेकंद वर्गापर्यंत उतरले आणि पांढऱ्या बोटांचे प्रमाण ४० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. मुठीमागची रचना बदलली, एवढेच.

रबरबँडचा प्रयोग

इथे एक शंका येईल. करवतीला रबर लावून एवढा फरक पडला, तर मोटारसायकलच्या मुठीवर मऊ रबर चढवून का पडू नये? याचे उत्तर वर्गात पाच मिनिटांत दाखवता येते.

चार-पाच रबरबँड एकमेकांत गुंफून साखळी करा आणि तिच्या टोकाला एखादे कुलूप बांधा. वरचे टोक हातात धरा.

पहिल्यांदा हात अगदी सावकाश वरखाली करा. कुलूप हाताबरोबर तेवढेच वरखाली होते. रबर मध्ये असून नसल्यासारखे.

आता हाताचा वेग हळूहळू वाढवा. एका ठराविक वेगाला कुलूप हातापेक्षा कितीतरी अधिक उसळू लागते. ही त्याची नैसर्गिक वारंवारता. या घटनेला अनुनाद म्हणतात. रबराने थरथर कमी तर केली नाहीच, उलट वाढवली.

शेवटी हात फार जलद, लहान लहान हालवा. कुलूप जवळजवळ स्थिर राहते. हात थरथरतो, कुलूप शांत.

गणिताने असे दाखवता येते, की थरथरीची वारंवारता नैसर्गिक वारंवारतेच्या २ च्या वर्गमुळाइतक्या पटीहून, म्हणजे साधारण १.४ पटीहून, अधिक असेल तरच मधले रबर उपयोगी पडते. नैसर्गिक वारंवारता खाली आणायची तर दोनच मार्ग आहेत : रबर खूप लवचीक हवे किंवा त्याला टांगलेले वस्तुमान मोठे हवे. कुलपाऐवजी दोन कुलपे बांधून विद्यार्थ्यांनी हे पडताळून पाहावे.

करवतीत मुठींची सगळी चौकट रबरावर तरंगते, आणि रबराला हलायला जागा असते. हँडलवरच्या मुठीत रबराची जाडी काही मिलिमीटर, आणि तीही आपण आवळून दाबलेली. त्याहून मऊ रबर चालणार नाही, कारण मग हँडलवरचा ताबाच सुटेल. म्हणून मऊ मूठ किंवा गादीचा हातमोजा वरच्या वारंवारतेची, म्हणजे दीडशे-दोनशे हर्ट्झच्या पलीकडची, बारीक झिणझिण कमी करतो. एका सिलिंडरच्या इंजिनाचे ६० हर्ट्झचे हिसके त्यातून जवळजवळ जसेच्या तसे पार होतात.

अभियंत्यांनी काय केले?

मोटारसायकलच्या अभियंत्यांनी हा धडा तीन प्रकारे वापरला.

पहिला प्रकार करवतीसारखाच. ब्रिटनच्या नॉर्टन कंपनीने १९६७ मध्ये आणलेल्या 'कमांडो' गाडीत इंजिन, गिअरपेटी आणि मागच्या चाकाची भुजा यांचा एक गट करून तो चौकटीला रबराच्या आधारांनी जोडला होता. मंद फेऱ्यांवर ही गाडी जागच्या जागी नाचे, आणि वेग घेतला की एकदम शांत होई. रबरबँडचा प्रयोग केलेल्या विद्यार्थ्याला याचे कारण विचारून पाहावे.

दुसरा प्रकार सिलिंडर वाढवण्याचा. होंडाने १९६९ मध्ये बाजारात आणलेल्या ७५० सीसीच्या गाडीत चार सिलिंडर शेजारी शेजारी होते. दोन दट्टे वर जात तेव्हा दोन खाली येत, त्यामुळे मुख्य हिसके आपसात फिटत. दुप्पट वारंवारतेची बारीक थरथर मात्र उरे.

तिसरा प्रकार सर्वांत सुबक. क्रँकच्या उलट दिशेने, त्याच वेगाने फिरणारा दुसरा दांडा बसवायचा आणि तोल साधणारे वजन दोघांत निम्मे निम्मे वाटायचे. दोन्ही वजनांची उभी बले एकत्र होऊन दट्ट्याचा हिसका खोडतात, आणि आडवी बले विरुद्ध दिशेने असल्याने एकमेकांना खोडतात. जुन्या अभियंत्यांपुढचा पेच अशा रीतीने सुटतो.

आपल्या ओळखीच्या बुलेटचे उदाहरण घेऊ. १९५५ मध्ये मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, एन्फील्ड इंडिया स्थापन झाली आणि ३५० सीसीची ब्रिटिश बुलेट भारतात तयार होऊ लागली. तिच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर होती. उलट फिरणारा दांडा तिच्यात नव्हता. तिचा ठोका लोकांना प्रिय होता आणि तिची थरथर त्या ठोक्याचाच भाग मानली जाई. २०२० मध्ये याच कंपनीने नवे ३५० सीसीचे इंजिन आणले, त्यात तोल साधणारा दांडा आहे, आणि २०२३ पासून बुलेटलाही ते मिळाले. सिलिंडर एकच राहिले, आवाजही राहिला, हातापर्यंत पोचणारी थरथर कमी झाली.

मग मूठ कोणती घ्यावी?

मुठीचा उपयोग नाही असे यातून समजू नये. तो वेगळ्या कारणाने आहे. हॅमिल्टन यांचे दुसरे कारण आठवावे : घट्ट धरणे. हात जितका आवळून धरतो तितकी थरथर हाडांत आणि सांध्यांत अधिक उतरते. म्हणून ज्या मुठीला कमी आवळावे लागते ती चांगली मूठ.

मूठ फार बारीक असेल तर बोटे तळहातात रुततात, फार जाड असेल तर पंजा पुरत नाही. दोन्ही वेळी जोर जास्त लागतो. लहान पंजाच्या माणसाने जाड फोमची मूठ घेतली तर त्रास वाढण्याचाच संभव अधिक. पृष्ठभाग घामात आणि पावसात न सटकणारा हवा. मऊपणा इतकाच असावा, की तळहातावरचा दाब एका जागी न पडता पसरेल. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने एक मज्जातंतू जातो, त्यावर सतत दाब आला की अनामिका आणि करंगळी बधिर होतात. उजवी मूठ रेस देण्यासाठी फिरते, म्हणून ती नळीवर पक्की बसलेली असलीच पाहिजे. सैल मूठ धोक्याची असते. जुने, उन्हाने कडक झालेले रबर वेळीच बदलावे.

हँडलच्या टोकांना लावलेली धातूची वजने पुष्कळांना शोभेची वाटतात. ती काढून टाकू नयेत. टोकाचे वस्तुमान वाढले की हँडलची नैसर्गिक वारंवारता बदलते आणि टोकाची हालचाल कमी होते. लोखंडी पट्टी टेबलाला आवळून, तिच्या टोकाला मातीचा गोळा लावून हेही वर्गात दाखवता येते. इंजिनाचे आणि हँडलचे बोल्ट सैल असतील तर मात्र कोणतीही मूठ काही करू शकत नाही. थंडीत हातमोजे घालावेत. ते थरथर फारशी थांबवत नाहीत, पण बोटे उबदार ठेवतात, आणि थंडी हे तिसरे कारण आहे.

तास मोजा

युरोपीय संघाने २००२ मध्ये कामगारांच्या हाताला पोचणाऱ्या कंपनाला मर्यादा घातली. आठ तासांच्या दिवसासाठी ती ५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, आणि २.५ ओलांडले की मालकाने उपाय सुरू करायचे असतात. हे मोजमाप करताना वेगवेगळ्या वारंवारतांना वेगवेगळे वजन दिले जाते, म्हणून आपण वर काढलेल्या १४ या आकड्याशी त्याची थेट तुलना करू नये. पण त्यातला एक नियम सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कंपन दुप्पट झाले तर परवानगीचा वेळ निम्मा होत नाही, चौथाई होतो. ५ ला आठ तास, तर १० ला दोनच तास.

याचा अर्थ असा, की रोज अर्धा तास गाडी चालवणाऱ्याच्या मुंग्या थोड्या वेळाने जातात आणि त्यात बहुधा काळजीचे कारण नसते. प्रश्न आहे तो दिवसभर हँडल धरणाऱ्यांचा. जपानमध्ये मोटारसायकलवरून टपाल वाटणाऱ्या पोस्टमनांच्या तपासण्यांत पांढऱ्या बोटांची लक्षणे आढळली होती. आपल्याकडे दूध घालणारे आहेत, गोव्यात भाड्याने मोटारसायकल चालवणारे 'पायलट' आहेत, आणि आता शहरांत दारोदार जेवण व सामान पोचवणारी तरुण मुले आहेत. त्यांतली कित्येक आपल्याच शाळांतून शिकून गेलेली असतील.

विद्यार्थ्यांना एक सर्वेक्षण करायला सांगता येईल. ओळखीच्या दहा जणांना विचारावे : गाडी कोणती, रोज किती तास, गाडीवरून उतरल्यावर बधिरपणा किती वेळ टिकतो, थंडीत बोटे पांढरी पडतात का. बधिरपणा तासन्‌तास राहत असेल किंवा बोटे पांढरी पडत असतील तर डॉक्टरांना दाखवायला सांगावे, आणि आपण किती तास हँडल धरतो हेही डॉक्टरांना सांगावे. बेडफर्डच्या दगडफोड्यांकडे हॅमिल्टन यांनी असेच प्रश्न घेऊन जाऊन उत्तर मिळवले होते. त्यांना लागली ती साधने इतकीच होती : एक वही, थंड सकाळ आणि माणसांचे म्हणणे ऐकून घेण्याची तयारी.